मुंबईचे मेहली मेहता आणि त्यांचा युवा वाद्यवृंद : एका संस्थेचा इतिहास, एक प्रश्न

विशेष प्रतिनिधी, वसई

दिवाळी सरली, की वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांमध्ये लग्नसराईचे वेध लागतात. पापडी, सांडोर, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी... ख्रिस्ती वस्तीच्या या गावांतून वरात निघते, तेव्हा पुढे असतो तो पितळी बँड. ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, मोठा ड्रम. चर्चमध्ये गायनवृंद असतो आणि त्याच्या साथीला ऑर्गन अथवा की-बोर्ड. वसई तालुक्याला पाश्चात्य वाद्ये परकी नाहीत. १५३४ ते १७३९ अशी दोन शतके हा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्या काळात प्रार्थनेबरोबर सुरावटही येथे आली आणि सत्ता गेल्यावरही राहिली. चिमाजी अप्पांच्या विजयाची आठवण सांगणारी मोठी घंटा आजही नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेली आहे, हे अनेकांना ठाऊक असते. स्वर मात्र वसईतच मागे राहिले.

असे असूनही वसई-विरारमधील एखाद्या मुलीला व्हायोलिन शिकून मोठ्या वाद्यवृंदात बसायचे असेल, तर तिला चर्चगेटची लोकल पकडावी लागते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. मुळात देशभरातील मुलांना एकत्र आणून त्यांच्याकडून सिंफनी वाजवून घेणारी, पिढ्यानपिढ्या अखंड चाललेली 'राष्ट्रीय युवा वाद्यवृंद' संस्था ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा व्हेनेझुएलात जशी रुजली, तशी ती भारतात रुजली नाही. ती का रुजली नाही, याचे उत्तर शोधताना एक नाव वारंवार समोर येते. ते नाव मेहली मेहता यांचे. या मुंबईकराने युवा वाद्यवृंद घडविला आणि तो नावारूपाला आणला. पण घडविला तो अमेरिकेत.

वाद्यवृंद म्हणजे नेमके काय?

मराठी माणसाच्या बोलण्यात 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे गणेशोत्सवात किंवा हळदीच्या रात्री रंगणारा चित्रपटगीतांचा कार्यक्रम. येथे अभिप्रेत आहे तो सिंफनी वाद्यवृंद. पूर्ण आकाराच्या वाद्यवृंदात ८० ते १०० वादक असतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक तंतुवाद्यांचे : साधारण १६ पहिली व्हायोलिन, १४ दुसरी व्हायोलिन, १२ व्हायोला, १० चेलो आणि ८ डबल बास. त्यांच्या मागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही फुंकवाद्ये, मग हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा ही पितळी वाद्ये आणि सर्वांत शेवटी तालवाद्ये.

या रचनेत एक अडचण दडलेली आहे. ट्रंपेट किंवा क्लॅरिनेट किशोरवयात हाती घेतले, तरी काही वर्षांत वादक तयार होऊ शकतो. व्हायोलिनचे तसे नाही. ते सहाव्या-सातव्या वर्षी सुरू झालेले बरे. त्या वयाच्या मुलांसाठी पाव, अर्धे, पाऊण अशा मापांची व्हायोलिने मिळतात; मूल वाढते तसे वाद्य बदलावे लागते. म्हणजे एका मुलामागे दहा-बारा वर्षांचे शिक्षण, तीन-चार वाद्ये आणि नियमित येणारा शिक्षक हवा. ओबो आणि बसून यांची स्थिती आणखी बिकट असते, कारण ती शिकविणारेच मिळत नाहीत. थोडक्यात सांगायचे तर वाद्यवृंद ही शिक्षणव्यवस्थेच्या टोकाला लागलेली फळे असतात. झाडच नसेल, तर फळे बाहेरून आणावी लागतात. मुंबईच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मुंबई, १९३५

मेहली मेहता यांचा जन्म १९०८ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. व्हायोलिनचा ध्यास त्यांनी लहान वयातच घेतला. त्या काळी मुंबईत पाश्चात्य संगीताचे रसिक होते, बडी हॉटेले होती, नौदलाचे व पोलिसांचे बँड होते आणि गोव्याहून आलेले कसबी वादकही होते. या सर्वांची मोट बांधून मेहली यांनी १९३५ मध्ये 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापन केला. पुढे १९४० मध्ये 'बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट' ही चार वादकांची चमूही उभी केली.

याच सुमारास युरोपातून एक संगीतकार मुंबईत आला. वॉल्टर कॉफमन हे त्याचे नाव. हिटलरच्या उदयानंतर युरोप सोडणाऱ्या ज्यू कलावंतांपैकी ते एक. १९३४ मध्ये मुंबईत आल्यावर त्यांनी मेहली यांच्यासोबत मैफली केल्या आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर संगीताची जबाबदारी सांभाळली. आकाशवाणीची सभा सुरू होण्यापूर्वी तंबोऱ्याच्या साथीने वाजणारी व्हायोलिनची ओळखीची धून त्यांच्याच नावावर आहे. ते व्हायोलिन मेहली मेहता यांचे, असे सांगितले जाते. पहाटे रेडिओ लावणाऱ्या लाखो मराठी घरांनी मेहलींना असे नाव न जाणता ऐकले आहे.

मेहली १९४५ मध्ये पुढील शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले आणि तेथे इव्हान गलामियन या ख्यातनाम व्हायोलिन-गुरूकडे शिकून परतले. विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन १९५२ साली भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांच्या साथीला मेहली होते. मेहलींच्या थोरल्या मुलाने, झुबिनने, वयाच्या सोळाव्या वर्षी या वाद्यवृंदाच्या तालमीत पहिल्यांदा संचालन केले. हाच झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला आणि पुढे जगातील अग्रगण्य संचालकांपैकी एक झाला.

मुंबईतील वाद्यवृंदाला मात्र पक्का पाया नव्हता. त्यातील अनेक वादक हौशी होते. काही ब्रिटिश होते, काही युरोपातून आलेले निर्वासित. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश परतले, निर्वासित इतर देशांत स्थिरावले. जागा रिकाम्या होत गेल्या आणि त्या भरून काढणारी शाळा शहरात नव्हती. मेहली स्वतः पन्नाशीच्या दशकात इंग्लंडला गेले, मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात रुजू झाले आणि नंतर अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोहोचले. मुंबईच्या वाद्यवृंदाचे पूर्वीचे स्वरूप त्यांच्यामागे राहिले नाही. शहरात १९६२ पासून 'बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा'ने ही ज्योत तेवत ठेवली, हे आवर्जून नमूद करायला हवे.

लॉस एंजेलिस, १९६४

झुबिन मेहता १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले. दोन वर्षांनी वडीलही त्या शहरात आले. वय ५६. अनेकांच्या निवृत्तीचे वेध लागण्याचे ते वय. मेहली यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी, १९६४ मध्ये, तरुण वादकांचा एक वाद्यवृंद स्थापन केला. हाच 'अमेरिकन यूथ सिंफनी'.

या संस्थेची कल्पना सोपी होती. संगीत महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण वादक कितीही तयार असला, तरी व्यावसायिक वाद्यवृंदात बसण्याचा अनुभव त्याच्याकडे नसतो. एकट्याने वाजविणे वेगळे आणि शंभर जणांमध्ये आपला आवाज नेमका किती ठेवायचा, हे जाणणे वेगळे. मधली ही पायरी मेहलींना बांधायची होती. शाळेची शेवटची वर्षे ते पंचविशी या वयोगटातील वादक चाचणी देऊन निवडले जात. त्यांच्याकडून बीथोव्हेन, ब्राम्स, माहलर यांच्या भल्यामोठ्या रचना बसवून घेतल्या जात. मैफली होत त्या विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये आणि त्या बहुधा विनामूल्य असत. म्हणजे वादकाला अनुभव मिळे आणि तिकीट न परवडणाऱ्या श्रोत्यालाही सिंफनी ऐकता येई.

मेहली यांनी हा वाद्यवृंद ३३ वर्षे सांभाळला. १९९८ मध्ये, नव्वदीत, त्यांनी संचालकाची छडी खाली ठेवली. त्यांच्यानंतर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे व्हायोलिनवादक अलेक्झांडर ट्रेगर आणि २०१६ पासून कार्लोस इझकराय यांनी सूत्रे घेतली. मेहलींच्या हाताखालून गेलेले वादक अमेरिकेतील अनेक नामांकित वाद्यवृंदांत विखुरले. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये मेहली यांचे लॉस एंजेलिसमध्ये निधन झाले. मुंबईत त्यांच्या नावाने १९९५ पासून 'मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन' कार्यरत झाले आणि शहरातील मुलांसाठी संगीतशिक्षण व मैफली सुरू झाल्या. तीस वर्षे दूर राहिलेली गोष्ट अशी वळसा घालून घरी आली.

जगात ही कल्पना कशी वाढली?

युवा वाद्यवृंदाची कल्पना मेहली यांची नव्हे. ती दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून वर आली. वेल्सचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद १९४५ मध्ये स्थापन झाला आणि तो जगातील अशा प्रकारचा पहिला मानला जातो. १९४८ मध्ये रूथ रेल्टन या तरुण संगीतकार बाईंनी ग्रेट ब्रिटनचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद उभारला. शिधावाटप अजून सुरूच होते, शहरे बॉम्बने उद्ध्वस्त झाली होती, आणि अशा वेळी देशभर फिरून या बाई शाळकरी वादक निवडत होत्या. सुट्ट्यांमध्ये मुलांना एका ठिकाणी निवासी ठेवायचे, अनुभवी वादकांकडून शिकवायचे आणि शिबिराच्या अखेरीस मैफल करायची, ही पद्धत त्यांनी घालून दिली. पुढे बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख झालेले सायमन रॅटल याच वाद्यवृंदात किशोरवयात तालवाद्ये वाजवीत होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातही संगीत शिबिरांच्या माध्यमातून युवा वाद्यवृंदाची सुरुवात झाली. कॅनडात १९६० मध्ये आणि पश्चिम जर्मनीत १९६९ मध्ये अशा संस्था आल्या.

युरोपीय समुदायाचा युवा वाद्यवृंद १९७६ मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले संगीत संचालक क्लॉडिओ अबाडो होते. वेगवेगळ्या देशांतील तरुणांनी एकाच नोटेशनवरून वाजवावे, यामागे केवळ संगीताचा विचार नव्हता. कालपर्यंत एकमेकांशी लढलेल्या देशांची मुले शेजारी बसावीत, हाही हेतू होता.

मात्र सर्वांत मोठी झेप घेतली ती व्हेनेझुएलाने. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होझे अंतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये काराकास शहरात मूठभर मुलांना घेऊन तालीम सुरू केली. पुढे या उपक्रमाला 'एल सिस्टेमा' हे नाव पडले. गरीब वस्तीतील मुलांना वाद्य आणि शिक्षण विनामूल्य, आणि पहिल्या दिवसापासून सामूहिक वादन, हे त्याचे सूत्र. सरकारी पैशावर देशभर केंद्रे उभी राहिली. त्यातून आलेले गुस्ताव्हो दुदामेल २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले. ज्या शहरात मेहलींनी आपला युवा वाद्यवृंद रुजवला, त्याच शहरात. एल सिस्टेमावर टीकाही झाली. सरकारी प्रचारासाठी तिचा वापर झाला, शिस्तीचा अतिरेक झाला, असे आक्षेप अभ्यासकांनी घेतले. पण वाद्यवृंद ही श्रीमंतांचीच चैन असते, हा समज या प्रयोगाने मोडला, हे टीकाकारही नाकारत नाहीत.

आपल्याकडचे प्रयोग

भारतात सामूहिक वादनाची परंपराच नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही. तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत दरबारी पाश्चात्य वाद्यांचा बँड बाळगला होता. वादक तेथेच शिकवून तयार केले जात. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजले, त्या काळातील ही घडामोड आहे. म्हणजे पाश्चात्य वाद्यवृंदाचे भारतीय रूप घडविणाऱ्या आरंभीच्या आश्रयदात्यांमध्ये एक भोसले राजा होता.

युवा वाद्यवृंद या शब्दाला सर्वांत शोभेल असा प्रयोग मात्र मध्य भारतातील मैहर संस्थानात झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या साथीने अनेक मुले अनाथ झाली. मैहर दरबारचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी महाराजा ब्रिजनाथसिंह यांच्या आश्रयाने १९१८ च्या सुमारास या मुलांना एकत्र केले आणि 'मैहर बँड' उभारला. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला अशी वाद्ये, सोबत बंदुकीच्या नळ्यांपासून बनविलेले 'नलतरंग' हे बाबांचे स्वतःचे वाद्य. रचना रागदारीच्या, शिस्त वाद्यवृंदाची. वेल्सच्या आधी सत्तावीस वर्षे आणि काराकासच्या आधी अर्धशतकाहून अधिक काळ एका भारतीय उस्तादाने अनाथ मुलांच्या हाती वाद्ये देऊन त्यांचे आयुष्य उभे केले होते. आपण हा इतिहास पुरेसा अभिमानाने सांगत नाही, इतकेच.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये आकाशवाणीने 'वाद्यवृंद' विभाग सुरू केला. पंडित रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर त्याचे आरंभीचे संचालक होते. नंतर बासरीवादक पन्नालाल घोष यांनीही ही धुरा वाहिली. त्या काळी माहिती व नभोवाणी खाते पुण्याच्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. चित्रपटसंगीताबद्दलच्या त्यांच्या कठोर धोरणावर आजही टीका होते; परंतु भारतीय वाद्यवृंदाला सरकारी आश्रय मिळाला, तो त्यांच्याच काळात. हा वाद्यवृंद मात्र तयार कलावंतांचा होता. मुले घडविणे हे त्याचे काम नव्हते.

महाराष्ट्रातील संगीतशिक्षणाची मुख्य धारा तर वेगळ्याच दिशेने वाहत होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगावी दिल्या जातात. संगीत घराण्याच्या उंबऱ्यातून मध्यमवर्गाच्या घरात आणण्याचे मोठे काम या व्यवस्थेने केले. पण तिच्या केंद्रस्थानी आहे तो एकटा विद्यार्थी. प्रारंभिक ते विशारद, प्रत्येक पायरीवर परीक्षकासमोर तो एकटाच बसतो. चाळीस विद्यार्थ्यांनी मिळून एक रचना बसवावी, ही गरज त्या अभ्यासक्रमाला कधी भासली नाही.

मेस्त, चित्रपट आणि सिंथेसायझर

मग मुंबईच्या चित्रपटसंगीतातील ती शंभर-शंभर व्हायोलिने आली कोठून? त्याचे उत्तर गोव्यात आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकविले जाई. शिकविणारा तो 'मेस्त'. या मेस्तांच्या हाताखालून तयार झालेली पिढी पोटासाठी मुंबईला आली आणि हॉटेले, नृत्यगृहे व पुढे चित्रपटांचे रेकॉर्डिंग स्टुडिओ तिने व्यापले. संगीतकारांनी चाली द्याव्यात आणि सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांसारख्या गोमंतकीय संयोजकांनी त्या वाद्यवृंदासाठी लिहून काढाव्यात, असा तो काळ होता.

मडगावजवळच्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे याच परंपरेतले. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' काढून भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पैशाअभावी प्रयोग थांबला आणि गोन्साल्विस १९६५ मध्ये अमेरिकेला गेले. त्यांचा व्हायोलिनचा शिष्य प्यारेलाल शर्मा. लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल यांची मैत्री जुळली, ती मंगेशकर कुटुंबाच्या 'सुरील कला केंद्र' या मुलांच्या संगीतसंस्थेत. म्हणजे मुलांना एकत्र वाजवू देणारी एक लहानशी जागा मुंबईत होती आणि तिने हिंदी चित्रपटसृष्टीला तिची सर्वांत यशस्वी संगीतकार जोडी दिली. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये याच जोडीने आपल्या गुरूचे नाव एका गाण्यातून घरोघरी पोहोचविले.

ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला. शंभर वादकांचे काम एक माणूस करू लागला. स्टुडिओतील खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि त्याबरोबर व्हायोलिन शिकण्याचे आर्थिक कारणही संपले. गोव्यातील चर्च शाळांची जुनी घडी तोवर विस्कटली होती. इकडे रोजगार नाही, तिकडे शिक्षक नाही. एक साखळी दोन्ही टोकांनी तुटली.

२००६ नंतर

नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाटक केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, २००६ मध्ये 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन केला. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह हे त्याचे शिल्पकार. नाव भारताचे असले, तरी आरंभी बहुसंख्य वादक परदेशी, विशेषतः कझाकस्तानचे होते. यावर टीका झाली; पण संस्थेने दुखणे ओळखले आणि २०१२ मध्ये संगीत अकादमी सुरू केली. लहान मुलांना रशियन पद्धतीचे कसून शिक्षण तेथे दिले जाऊ लागले. हाच वाद्यवृंद २०१९ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला आणि झाकीर हुसेन यांची 'पेशकार' ही तबल्यासाठीची रचना तेथे वाजली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये झुबिन मेहतांनी प्रथमच या वाद्यवृंदाचे संचालन केले. वडिलांनी १९३५ मध्ये घातलेल्या पायावर मुलाने अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पाऊल ठेवले, असे म्हणता येईल.

अन्यत्रही प्रयत्न झाले. कालिम्पाँगमध्ये फादर एडवर्ड मॅग्वायर यांनी १९९३ मध्ये गांधी आश्रम शाळा काढून मजुरांच्या मुलांना व्हायोलिन शिकविले. ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत संगीत महाविद्यालय सुरू केले आणि पुढे गरीब मुलांसाठी 'सनशाइन ऑर्केस्ट्रा' उभा केला. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था स्थापून वंचित मुलांच्या हाती वाद्ये दिली. निरुपमा राव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दक्षिण आशियाई वाद्यवृंदाची पहिली मैफल २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईतच झाली. ही सगळी बेटे आहेत. त्यांना जोडणारा पूल अजून बांधायचा आहे.

एका संस्थेचा शेवट

या इतिहासाला एक कटू शेवट आहे. मेहली मेहतांनी स्थापन केलेला 'अमेरिकन यूथ सिंफनी' २०२४ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाला. जगातील सर्वांत श्रीमंत देशात, चित्रपट उद्योगाच्या राजधानीत, सुमारे साठ वर्षे चाललेली संस्था खर्च आणि देणग्या यांचा मेळ न बसल्याने थांबली. २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या युवा वाद्यवृंदावरही हीच वेळ आली होती. निधी आटल्याने काम थांबवीत असल्याची घोषणा झाली. मात्र जगभरातील संगीतकारांनी आवाज उठविल्यावर मदत पुन्हा सुरू झाली. ब्रिटनने संघातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतल्यावर संस्थेला लंडन सोडून इटलीत बिऱ्हाड हलवावे लागले.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. युवा वाद्यवृंदाला तिकिटांच्या पैशावर जगता येत नाही. त्याला सरकार, महापालिका वा समाज यांपैकी कोणाचा तरी कायमचा आधार लागतो. आणि एकाच व्यक्तीच्या तळमळीवर उभी संस्था त्या व्यक्तीनंतर काही काळ चालते, पण तिची खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते. मुंबईत १९३५ चा वाद्यवृंद शिक्षणाचा पाया नसल्याने विरला. लॉस एंजेलिसमध्ये १९६४ चा वाद्यवृंद पैशाचा पाया खचल्याने. दोन्ही वेळी वादकांत उणे काहीच नव्हते.

वसई-विरारचे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. २००९ मध्ये महापालिका आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला. क्रीडांगणे, तलाव, कला-क्रीडा महोत्सव यांची चर्चा होते. वाद्यांची होत नाही. वास्तविक अन्य शहरांना नसलेली एक गोष्ट या शहराकडे आधीच आहे. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट वाजविणारे, नोटेशनशी परिचय असलेले बँडवाले गावोगावी आहेत. लग्नसराई संपली, की त्यांचे हात मोकळे असतात. एल सिस्टेमाने दाखविलेला मार्ग येथे लागू पडतो : जे शिक्षक हाताशी आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी, फुंकवाद्यांचा वृंद आधी उभा करावा आणि व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांसाठी आठवड्यातून एक-दोन दिवस मुंबईहून शिक्षक आणावेत. एका शिक्षकाने विरारची लोकल पकडणे हे वीस मुलांनी चर्चगेटची पकडण्यापेक्षा केव्हाही सोपे.

वाद्यांचा खर्च आहेच. किनाऱ्याच्या दमट हवेत व्हायोलिनचे लाकूड फुगते, सांधे सुटतात. त्यांची निगा राखणारा कारागीर लागेल. तालमीसाठी सभागृह लागेल, तेही परीक्षा आणि निवडणुकांच्या काळात काढून न घेतले जाणारे. हे सगळे महापालिकेच्या एखाद्या शाळेत, संध्याकाळच्या दोन तासांत सुरू होऊ शकते. मैहरमध्ये तर बंदुकीच्या नळ्यांवर भागले होते.

मेहली मेहतांनी मुंबईत वाद्यवृंद उभा केला, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. दुसऱ्यांदा उभा केला तेव्हा छप्पन्न वर्षांचे. पहिल्या वेळी त्यांच्याकडे वादक होते, पण मागून येणारी मुले नव्हती. दुसऱ्या वेळी त्यांनी मुलांपासूनच सुरुवात केली. वसईच्या वरातीत बँडच्या मागेमागे धावणारी, ट्रंपेटवाल्याच्या फुगलेल्या गालांकडे टक लावून पाहणारी मुले दर हिवाळ्यात दिसतात. सुरुवात त्यांच्यापासून करायची, की त्यांनी मोठे होऊन गाव सोडल्यावर त्यांच्या यशाच्या बातम्या छापायच्या, हे ठरविण्याची वेळ आता आली आहे.